खेळ थांबला की धंदा कसा उभा करायचा, ते मियानीपासून सांगते

मी बारा वर्षं खो-खो खेळले. त्यातली सहा वर्षं सोबत भालाफेक होती, आणि कॉलेजात गेल्यावर कबड्डीच्या संघात उजवा कोपरा माझ्याकडे असायचा. आज इचलकरंजीत माझं खेळाच्या कपड्यांचं छोटं युनिट आहे. सहा मशीन, शिवणाऱ्या चौघीजणी, एक कटिंग मास्तर. खेळ संपत आलेल्या मुली फोन करून विचारतात, "ताई, आता पुढं काय करू?" त्यांना फोनवर जे तुकड्यातुकड्यानं सांगते ते इथं सलग लिहिते.

सतरा वर्षांची असताना जिल्ह्याच्या सामन्यात मी चौथ्या चौकात बसले होते. मागून खो मिळाला, झटक्यात उठले आणि शॉर्टची मधली शिवण पुढून मागं टरकन उसवली. डावाची अजून पाच मिनिटं बाकी होती. मैत्रिणीची ओढणी कमरेला गुंडाळून मी तेवढा डाव काढला. घरी येऊन रडत बसले, तर शेजारच्या मावशींनी शॉर्ट हातात घेऊन उलटी केली. त्या सलवार-कमीज शिवायच्या. म्हणाल्या, "अगं, ह्याला मियानीच न्हाई. पोरीनं ह्यात बसायचं कसं?" त्यांनी पत्त्यांतल्या चौकटसारखा एक कापडाचा तुकडा दोन्ही पायांच्या मधे जोडून दिला, तीच मियानी. त्या मोसमात ती शॉर्ट परत उसवली नाही. संघातल्या सगळ्याजणी आपापल्या शॉर्ट घेऊन मावशींच्या दारात उभ्या राहिल्या.

माझा धंदा त्या दिवशीच सुरू झाला होता. ते मला कळायला आठ वर्षं लागली.

म्हणून पहिलं काम हे करा. एक दोनशे पानी वही घ्या आणि खेळताना ज्या वस्तूनं त्रास दिला ते सगळं आठवून लिहा. शूज कुठं घासायचे, गुडघ्याची पट्टी कधी घसरायची, बाहेरगावी स्पर्धेला गेल्यावर जेवणाचे काय हाल व्हायचे, मालिश करणारं कुणी का मिळायचं नाही. कुठला धंदा जोरात चाललाय ते विचारत फिरू नका. मी फिरले होते. ज्यानं त्यानं टर्फ, म्हणजे भाड्यानं द्यायचं कृत्रिम गवताचं मैदान, काढायला सांगितलं. टर्फला जागा लागते, लाखांनी पैसा लागतो, आणि ज्याच्याकडे ते दोन्ही आहे त्याला खेळाडू असण्याची गरज नसते. तुमच्याकडे आहे ते दुसऱ्याकडे नाही अशी गोष्ट वहीतच सापडेल.

दोन-तीन खेळ खेळलेल्यांची वही जास्त भरते. आमच्याकडे घरचे म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. माझ्या बाबतीत त्या चिंध्यांचाच धंदा झाला. खो-खोत माणूस चौकात उकिडवं बसतं आणि त्याच बैठकीतून उसळी घेतं, म्हणून ताण शॉर्टच्या मधल्या शिवणीवर येतो. सूर मारणाऱ्याची जर्सी कोपराशी आणि कमरेच्या बाजूला झिजते. कबड्डीत पकड झाली की जर्सीचा घेर ओढला जातो, तिथं साधी एकेरी शिवण टिकत नाही. भाला फेकताना हात डोक्यावरून मागं जातो आणि खांद्यावरची शिवण काचते, म्हणून तिथं गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी लावलेली रॅगलन बाही हवी. बाजारात मात्र तिन्ही खेळांना एकच टी-शर्ट आणि एकच शॉर्ट मिळते, तीसुद्धा मुलांच्या मापाची. मुलींनी कमरेत दोरी आवळायची आणि मांडीत घट्ट होते ते सोसायचं.

या वाटेनं खूप आधी गेलेला एक माणूस मी नेहमी सांगते, फ्रेड पेरी. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. वडील सुरुवातीला सूतगिरणीत कामाला होते, त्यामुळे इचलकरंजीच्या माणसाला तो आपला वाटतो. हा आधी टेबल टेनिसमध्ये जगज्जेता झाला, १९२९ साली बुडापेस्टला. मग टेनिसकडे वळला आणि १९३४, १९३५, १९३६ अशी सलग तीन वर्षं विम्बल्डन जिंकला. टेबलावर कमावलेलं मनगट त्यानं हिरवळीवर वापरलं. चेंडू टप्पा घेऊन वर येत असतानाच तो फोरहँड मारायचा. एका खेळाची कमाई दुसऱ्यात अशी लावतात.

पुढची गोष्ट धंद्याची आहे. १९४०च्या दशकाच्या शेवटी टिबी वेगनर नावाचा ऑस्ट्रियाचा जुना फुटबॉलपटू त्याच्याकडे मनगटावर बांधायची घामपट्टी घेऊन आला. पेरीनं ती वापरून पाहिली, सुधारून घेतली आणि मोठमोठ्या खेळाडूंना वाटली. टी-शर्ट त्यानंतर, १९५२ साली विम्बल्डनच्या वेळी बाजारात आणला. छातीवर काय चिन्ह घालायचं यावर पेरीचं म्हणणं होतं की पाइप घालू, कारण तो पाइप ओढायचा. वेगनर म्हणाला, मुलींना नाही आवडणार. मग विजेत्याला घालतात तशा लॉरेलच्या पानांचं कडं आलं, जे त्याच्या नावाच्या कपड्यांवर आजही दिसतं. यातून मी दोन गोष्टी घेतल्या. सुरुवात छोट्या वस्तूनं करायची, आणि भागीदार असा शोधायचा जो तोंडावर नाही म्हणेल. माझी घामपट्टी म्हणजे खो-खोची मियानी घातलेली शॉर्ट. दोन वर्षं मी दुसरं काहीही शिवलं नाही.

नमुना कसा करायचा

कापडाच्या दुकानात गेलात की व्यापारी हातात कापड देऊन म्हणतो, "घ्या, एकशे साठ जीएसएम आहे." जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ऐकून घ्या आणि मोजून बघा. गोल कटर मिळतो, तो दाबून फिरवला की बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापली जाते. ती ग्रॅमच्या बारीक काट्यावर ठेवायची. १.६ ग्रॅम आली तर कापड १६० जीएसएमचं, १.४ आली तर १४०. माझ्या पहिल्या खरेदीत १६० सांगितलेलं कापड १३८ निघालं. तेव्हा माझ्याकडे कटर नव्हता, माल शिवून झाल्यावर कळलं. चाळीस शॉर्ट घरात ठेवून घेतल्या, एकही विकली नाही.

शॉर्टला ताणणारं कापड घ्या, बाजारात त्याला एनएस लायक्रा म्हणतात. मियानी त्याच कापडाची, पण ताण कमरेच्या दिशेनं नाही तर मांडीच्या दिशेनं येईल अशी कापायची. शिवण चार दोरी ओव्हरलॉकची, म्हणजे कड गुंडाळत जाणारी, आणि घेराला फ्लॅटलॉक, म्हणजे सपाट बसणारी. दोरा पॉलिस्टरचा, आणि सुई बोथट टोकाची, जिला बॉलपॉइंट म्हणतात. साधी टोकदार सुई अशा ताणणाऱ्या विणीच्या कापडाचा धागा तोडते, तिथून पुढं भोक पडत जातं. छपाई सब्लिमेशनची, म्हणजे गरम प्रेसनं कागदावरचा रंग कापडात उतरवणारी, करणार असाल तर कापड पॉलिस्टर आणि पांढरं हवं, सुती कापडावर तो रंग धरत नाही. साधारण २०० अंशांच्या गरम प्रेसखाली कापड आक्रसतं, म्हणून आधी कोरा तुकडा प्रेसखाली घालून किती आक्रसतो ते मोजा आणि तेवढं माप वाढवून कापा.

पहिले सहा नमुने फुकट द्या, पण शब्द घेऊन द्या. मी सहा मुलींना शॉर्ट दिल्या तेव्हा सांगितलं होतं, महिनाभर रोज सरावाला हीच घालायची, रोज धुवायची आणि महिन्यानं मला परत आणून द्यायची. परत आलेल्या सहापैकी दोन शॉर्टचं इलॅस्टिक सैल पडलं होतं आणि एकीची मियानी कोपऱ्यात उसवली होती. मियानीची चार टोकं जिथं शिवणीला मिळतात तिथं उलटसुलट टाके मारायला आम्ही विसरलो होतो. आता प्रत्येक शॉर्टच्या त्या चार टोकांवर मी स्वतः अंगठा घालून ओढून बघते.

दर कसा काढायचा

खेळाडू इथंच फसतात, कारण ओळखीच्या सरांना, जुन्या संघाला जास्त दर सांगायची लाज वाटते. माझ्या एका शॉर्टचा हिशोब असा होता. कापड ५२ रुपये, इलॅस्टिक ८, दोरा ४, शिलाई ३५, छपाई १५, पिशवी ४, वाहतूक ६. झाले १२४. त्यात खराब निघणाऱ्या मालाचे ६ धरले, १३०. विकायची १९०ला. साठ रुपये सुटतात असं वाटतं, पण त्यातून भाडं, वीज, मशीनची दुरुस्ती आणि तुमचा स्वतःचा पगार निघायचा असतो. स्वतःचा पगार हिशोबात लिहा. मी पहिली दीड वर्षं लिहिला नव्हता आणि वडिलांच्या पेन्शनवर जेवत होते.

मी सुरुवात ८५ हजारांत केली, दोन जुनी मशीनं घेऊन. बँकेकडे जायचं असेल तर मुद्रा योजनेत तारण लागत नाही. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधी करून घ्या. ती ऑनलाइन होते आणि पूर्ण फुकट आहे, तिचे पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण कर्नाटकातल्या शाळेला माल पाठवायचा तर नोंदणी लागते. बेळगाव, निपाणी आम्हाला हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे मी लवकर केली.

उधारीबद्दल कळकळीनं सांगते. एका कॉलेजनं माझे ४६ हजार सात महिने अडकवले. ज्या क्रीडा शिक्षकांनी ऑर्डर दिली ते माझ्या ओळखीचे, त्यामुळे मला कडक बोलता येईना, आणि इकडं बायकांचे पगार थकले. तेव्हा मला माहीत नव्हतं की २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार आपल्यासारख्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाला तर व्याज लागतं. आता बिलावर उद्यम क्रमांक आणि तो नियम छापलेला असतो. निम्मे पैसे आल्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही. जुने सर असले तरी हाच नियम, आणि खरं सांगायचं तर कुणी रागावलं नाही.

काम मोसमी आहे. शाळा जूनमध्ये उघडतात, तालुक्याच्या स्पर्धा पावसाळा ओसरताना सुरू होतात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये झोप मिळत नाही. दिवाळीच्या आगेमागे विद्यापीठांचे संघ, मग जत्रांमधली कबड्डी. उन्हाळ्यात ऑर्डरी थंडावतात, तेव्हा चालणारी मापं शिवून ठेवायची. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपले दोन्ही संघ जिंकले, त्यानंतर मला गावोगावच्या शाळांमधून मुलींच्या संघांसाठी विचारणा वाढलेली दिसली.

नोकरीचंही बोलते, कारण घरात तोच विषय असतो. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पात्र असाल तर अर्ज जरूर भरा, प्रमाणपत्रं पडताळून घ्या. पण निकालाची वाट बघत घरी बसू नका. मी तीन वर्षं बसले, आणि त्या तीन वर्षांत सराव सुटला, ओळखी सुटल्या, मन आंबून गेलं.

शेवटचं, मापाचं. शाळा कागदावर वय लिहून पाठवतात, त्यावर शिवू नका. प्रत्येक मापाची एक शॉर्ट पिशवीत घालून मैदानावर जा. मुलीला शॉर्ट घालायला सांगा, मग चौकात उकिडवं बसायला सांगा, मागून तुम्ही स्वतः खो द्या. ती उठून धावली आणि कमरेला हात न लावता परत येऊन बसली, तर ते तिचं माप. मग वहीत लिहा.