कुत्र्यांच्या झुंजीची केस: या चुका टाळा

कुत्र्यांच्या झुंजी लावणाऱ्यांवर केस टिकत नाही, असं प्राणीमित्र नेहमी म्हणतात. बऱ्याचदा ती पोलीस ठाण्यातच ढिली झालेली असते. कोर्ट फार पुढची गोष्ट.

सगळ्यात महागात पडते ती कलमाची चूक. अर्जात नुसतं ‘प्राण्यांना क्रूरतेने वागवले, कलम 11’ लिहिलं की ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून मोकळा होतो. त्याचंही पूर्ण चुकत नाही. 1960च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात करमणुकीसाठी प्राण्याला झुंजीला चिथावणं, म्हणजे 11(1)(एम), अदखलपात्र आहे; कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. पण झुंजीसाठी जागा देणं, ती चालवणं, आत सोडायचे पैसे घेणं हे 11(1)(एन)मध्ये येतं आणि कलम 31नुसार ते दखलपात्र आहे. म्हणून शेड कुणाची, दारावर पैसे कोण घेत होतं, हे अर्जात आधी लिहा. कुत्र्यांचे हाल नंतर.

तरीही एवढ्यावर थांबू नका. या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. होय, रुपये! कुत्रा मेला किंवा कायमचा जायबंदी झाला असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लावायचा आग्रह धरा. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 1 जुलै 2024पासूनच्या घटनेला सवयीने जुन्या भारतीय दंड संहितेचं 428-429 लिहू नका.

तारीखही बघा. 1960च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांत उभा राहावा लागतो (कलम 36). ‘साहेब बघतो म्हणालेत’ यात ते सहज निघून जातात.

व्हिडिओ असेल तर मूळ फोन जपा, क्लिप कापू नका, फॉरवर्ड झालेल्या कॉपीवर विसंबू नका. कोर्टात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र लागतं.

जखमी कुत्र्याला धुऊन मलम लावण्याआधी फोटो काढा; पण रक्तस्राव होत असेल तर फोटोसाठी थांबू नका. झुंजीच्या कुत्र्याच्या तोंडावर, कानांवर, मानेवर, पुढच्या पायांवर ताज्या जखमांशेजारी भरून आलेले जुने व्रण दिसतात. ‘अंगावर जखमा’ एवढंच लिहिलेला दाखला बचाव पक्षाला ‘रस्त्यावरच्या कुत्र्याने चावलं’ म्हणायला पुरतो. कुठली जखम ताजी, कुठली जुनी, हे सरकारी पशुवैद्यकाकडून वेगवेगळं लिहून घ्या.

आणि जप्त केलेला कुत्रा सुपूर्तनाम्यावर (खटला संपेपर्यंत सांभाळायच्या हमीवर) पुन्हा त्याच मालकाकडे जाऊ देऊ नका. खटल्यातल्या प्राण्यांच्या देखभालीसाठीच्या 2017च्या नियमांनुसार खटला चालू असताना तो पांजरपोळ किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवता येतो. मालकाचा अर्ज येण्याआधी तुमचा अर्ज मॅजिस्ट्रेटसमोर हवा.