थंडीत गाडी सेल्फ घेत नाही? बॅटरीवर खापर फोडण्याआधी या चुका टाळा

जानेवारीत ग्वाल्हेरला पारा दोन-चार अंशांवर आला की लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत सकाळी साडेसहाला एक आवाज ठरलेला. घर्र... घर्र... टक. मग बॉनेट उघडल्याचा आवाज, आणि मफलर गुंडाळलेल्या चार शेजाऱ्यांचे पाच सल्ले. त्यातला पहिला नेहमीचाच, "बॅटरी गेली."

तीन हिवाळ्यांपूर्वी माझ्या गाडीचंही असंच झालं. मेकॅनिकने बॉनेटमध्ये डोकावूनही न पाहता "भाईसाब, बैटरी तो गई" असा निकाल दिला आणि मीही मुकाट्याने नवी घेतली. चार दिवस गाडी छान चालली, पाचव्या दिवशी पुन्हा घर्र-घर्र-टक. दोष निघाला अर्थिंगच्या पट्टीत. इंजिन आणि बॉडीला जोडणारी विणलेल्या तांब्याची ती पट्टी एका टोकाला हिरवी पडून अर्धी तुटली होती. नव्या बॅटरीच्या जोरावर चार दिवस निभावलं, एवढंच. पट्टी काहीशे रुपयांत आली. जुनी बॅटरी मात्र मी तोवर भंगाराच्या भावात देऊन बसलो होतो, आणि ती बहुधा चांगली होती.

थंडीला दोष देणं

बॅटरीचं खरं नुकसान आमच्याकडे मे-जूनमध्ये होतं. बाहेर ४५ अंश, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेत बॅटरीतलं पाणी उडतं आणि आतल्या शिशाच्या जाळ्या गंजत जातात. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की ही झीज साधारण दुप्पट वेगाने होते. उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं, म्हणून हे लक्षात येत नाही. जानेवारीत दोन्हीकडून कोंडी होते. शून्य अंशाच्या आसपास बॅटरीची क्षमता सुमारे पाचव्या हिश्शाने घटते, आणि इंजिन ऑइल दाट झाल्यामुळे सेल्फला इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. उन्हाळ्यातच खंगलेली बॅटरी तिथे हात टेकते.

म्हणून तपासणीची वेळ हिवाळा सुरू होण्याआधीची. खंडेनवमीला आपण गाडी धुतो, हळद-कुंकू लावतो, हार घालतो. त्याच दिवशी बॉनेट उघडून बॅटरीला मल्टिमीटरही (व्होल्टेज मोजायचं छोटं यंत्र) लावावा. पूजा होते आणि कामही.

आवाज न ऐकताच निदान करणं

चावी फिरवल्यावर गाडी काय म्हणते ते आधी ऐका, हत्यारं नंतर काढा.

सेल्फ फिरतो पण रेंगाळत, रडत: बॅटरी उतरली आहे, किंवा केबल-टर्मिनलमध्ये अडथळा आहे. मशीनगनसारखी टक-टक-टक: सेल्फच्या सोलेनॉइडला (सेल्फ जोडणाऱ्या चुंबकी स्विचला) खेचायला करंट मिळतो, धरून ठेवायला पुरत नाही, म्हणजे पुन्हा बॅटरी किंवा ढिलं टर्मिनल. एकच जाड 'टक' आणि पुढे शांतता, तेही हेडलाइट लख्ख असताना: संशय सेल्फवर किंवा त्याच्या जाड केबलवर घ्या. काहीच आवाज नाही पण डॅशबोर्डवर सगळे दिवे आहेत: रिले, फ्यूज, क्लचखालचा स्विच, ऑटोमॅटिक असेल तर गिअर 'पी'मध्ये आहे का, आणि चावीतली छोटी बॅटरी.

आणि सेल्फ झकास फिरतोय, इंजिन मात्र पेट घेत नाही, तर बॅटरीला हात लावू नका. तो मामला पेट्रोल-डिझेलचा, स्पार्कचा किंवा ग्लो प्लगचा (डिझेल इंजिन आधी आतून तापवणारा प्लग). डिझेलवाल्यांनी डॅशबोर्डवरचं पिवळं वेटोळं विझेपर्यंत थांबायचं असतं. आमच्या गल्लीत निम्मे लोक ते पेटायच्या आतच चावी पुढे ढकलतात आणि मग सेल्फला शिव्या देतात.

आणखी एक. एका दमात दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. सेल्फची मोटार तापते आणि बॅटरीत उरलंसुरलं असतं तेही संपतं.

मल्टिमीटर चुकीच्या वेळी लावणं

चारपाचशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असावा, पण तो कधी लावायचा हे कळलं पाहिजे. संध्याकाळी बाजारातून आल्या आल्या लावलात तर मीटर खुशीत १२.८ व्होल्ट दाखवेल. तो वरवरचा चार्ज असतो. खरा आकडा सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दार-दिवे काही न उघडता. १२.६ किंवा वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. थांबायला वेळ नसेल तर हेडलाइट एक-दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबून मग मोजा.

पण १२.६ दिसलं म्हणून सुटलात असंही नाही. भार पडल्यावर बॅटरी टिकते का, हा पुढचा प्रश्न. घरातल्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि तेवढ्या वेळात मीटर बघा. आमच्या थंडीत साधारण ९.३ ते ९.६ च्या खाली घसरण झाली तर बॅटरी मोडकळीला आली आहे, मग उभ्या गाडीत ती कितीही ऐटीत १२.६ दाखवो. इंजिन सुरू झाल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तसं नसेल तर डायनामो (आपले मेकॅनिक अल्टरनेटरला अजून हेच म्हणतात) किंवा त्याचा पट्टा बघा. काही नव्या गाड्यांत संगणकच चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे एकाच आकड्यावरून डायनामो बाद ठरवू नका.

आता माझी पट्टी ज्या चाचणीत आधीच सापडली असती ती. बॅटरीच्या मायनस खुंटीवर मीटरची एक वायर, दुसरी थेट इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर, आणि सेल्फ मारायला सांगायचं. मीटर ०.२ व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. माझ्या गाडीत नंतर मोजला तेव्हा १.४ आला. म्हणजे बॅटरीचा जवळजवळ दीड व्होल्ट त्या कुजक्या पट्टीतच जिरत होता, सेल्फपर्यंत पोचतच नव्हता. तसंच प्लस खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मोजायचं, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. दोन मिनिटांचं काम आहे. बॅटरी विकायला बसलेला माणूस ते आपणहून करत नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन आणि मग क्लॅम्प, असं नको. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. उलट केलंत आणि प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांची आतषबाजी बघायला मिळेल.

रात्री करंट पिणारा चोर

शेजारच्या काकांची गाडी दर सोमवारी बंद. शनिवार-रविवार ते बाहेर पडत नाहीत. त्यांनी वर्षभरात दोनदा बॅटरी चार्जिंगला दिली होती. "बघ रे जरा, तुझं ते यंत्र घेऊन ये," म्हणाले.

मायनस केबल काढून मध्ये मीटर जोडला, दहा अँपिअरच्या खाचेत. इथे दोन चुका हमखास होतात. मीटर मध्ये असताना सेल्फ मारला की मीटरचा फ्यूज उडतो. दुसरी, घाई. आजच्या गाडीतले संगणक झोपी जायला अर्धा तास घेतात, तोवरचा आकडा खोटा. आम्ही दारं लावून चहा घेतला, आणि परत आलो तर मीटर ३२० मिलिअँपिअर दाखवत होता. ५० पर्यंत ठीक मानतात. ३२० म्हणजे चोवीस तासांत साडेसात अँपिअर-अवरहून जास्त. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी अडीच दिवसांत अर्धी.

एकेक फ्यूज काढत गेलो. काचेवरच्या कॅमेऱ्याचा फ्यूज काढला आणि मीटर ३० वर आला. कॅमेरा बसवणाऱ्याने चावीवर बंद होणाऱ्या लाइनऐवजी थेट बॅटरीची लाइन जोडून दिली होती. काका म्हणाले, "म्हणजे रात्रभर तो आमच्याच फाटकाचं शूटिंग करत होता?" हो.

घरापासून बाडा, बाड्यापासून घर

घरापासून महाराज बाड्याच्या चौकापर्यंत दोन किलोमीटर, तेही हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावून. सेल्फने जे घेतलं ते एवढ्यात परत येत नाही. पाच मिनिटं गाडी दारात नुसती सुरू ठेवूनही येत नाही. उलट धूर होतो आणि वरच्या मजल्यावरच्या आजी ओरडतात. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवा, झाशी रोडला वगैरे.

हे तर अजिबात नको

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून डायनामो 'तपासणं'. जुन्या गाड्यांत खपत होतं. आता व्होल्टेजची उसळी थेट ईसीयूवर (इंजिन चालवणाऱ्या संगणकावर) जाते, आणि ईसीयूची किंमत विचारू नका.

ट्रकवरून जंप स्टार्ट. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. ट्रान्सपोर्टनगरच्या बाजूला अडकलात आणि ट्रकवाला मदतीला धावला, तर त्याचे आभार माना आणि दुसरी कार शोधा. जंपर केबलचा क्रम: लाल आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळी चालू गाडीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो, म्हणून ही खबरदारी. काढताना बरोबर उलटा क्रम.

बॅटरीत नळाचं पाणी घालू नका, ॲसिड तर मुळीच नाही. डिस्टिल्ड वॉटरच, तेही प्लेटा बुडालेल्या असतील तर चार्जिंग झाल्यानंतर. 'हिरवा डोळा' असलेल्या बॅटरीत तो डोळा सहापैकी एकाच कप्प्याचं सांगतो, बाकी पाच रामभरोसे.

नवी घेतलीच तर बनवल्याची तारीख पाहा, अँपिअर-अवर पुस्तिकेप्रमाणे घ्या, आणि सिग्नलवर आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिच्यासाठीची, वारंवार बंद-चालू सोसणारी ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच घ्या. दुकानदार "साधी पण चलेगी" म्हणेल. तिथे साधी लवकर दमते. आमच्याकडे बऱ्याच गाड्या रोड टॅक्सच्या सवलतीपायी ग्वाल्हेरच्या हिवाळी व्यापार मेळ्यात घेतलेल्या, त्यामुळे बॅटऱ्यांचे वाढदिवसही जानेवारी-फेब्रुवारीतच येतात. वॉरंटीचं कार्ड डिसेंबरातच काढून बघा.

बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली की घड्याळ शून्यावर जातं, काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम कोड मागते, एका दाबात वर जाणारी काच अर्ध्यावर थांबते आणि इंजिन पहिली काही मिनिटं थोडं अडखळतं. हा नवा बिघाड नव्हे. काचेचं बटण ती पूर्ण वर गेल्यावरही काही सेकंद दाबून धरलं की बहुतेक गाड्यांत जमून जातं. काकांनी त्या रात्री नऊला मला फोन करून विचारलं होतं, "कॅमेरा बंद केलास ते ठीक, पण माझी काच का बिघडवलीस?"