घरच्या घरी सुतारकाम: पहिला पाट बनवून विकेपर्यंत

आधी मशिनं आणि मग काम, असा क्रम लावला की मशिनं धूळ खात पडतात. आधी एक वस्तू ठरवा आणि तिला लागेल तेवढंच घ्या. मी पाट सुचवेन. लाकूड थोडं लागतं आणि गणपती-लग्नसराईत मागणी असते.

१. जागा. बाल्कनी किंवा पार्किंगचा कोपरा पुरतो. टेबल हलता कामा नये, उंची उभं राहिल्यावर मनगटाला येईल एवढी. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद. शेजारीच तुमचं पहिलं गिऱ्हाईक असतं.

२. हत्यारं. करवत, रंधा, पाऊण इंची पटाशी (लाकडाची छिन्नी), गुण्या (काटकोन तपासायला), ड्रिल, तीन-चार क्लॅम्प आणि धारेचा दगड. दगड वगळू नका, कारण दुकानातली नवी पटाशी कामाजोगी धारदार क्वचितच असते. पाठ दगडावर सपाट करा, उतार २५ अंशांत घासा, टोकाला ३० अंशांचे चार हात मारा. मग फळीच्या आडव्या कापावर चालवून बघा. लाकूड चुरडलं तर परत दगडावर. कापलेला भाग चकाकला तर धार लागली.

३. लाकूड. वखारीत भाव घनफुटावर असतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकार करा आणि १४४ ने भागा. ६ फूट × ४ इंच × दीड इंच म्हणजे पाव घनफूट. पण रंधल्यावर दीड इंचातले दोन सूत, म्हणजे पाव इंच, गेलेच म्हणून समजा, हाती सव्वा इंच उरतो. ओली फळी हवेवर सुकायला जाडीच्या दर इंचामागे साधारण वर्ष लागतं. म्हणून जुन्या दारा-चौकटींचं सागवान मिळालं तर सोडू नका, फक्त रंधा लावण्याआधी खिळे शोधा.

४. जोडणी. खरी मेख इथे आहे. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, लांबीला जवळपास नाही. फूटभर रुंद पाट दोन-तीन मिलिमीटर सहज वाढतो. दोन फळ्या कडेला कड लावून फेविकॉलने बिनधास्त चिकटवा, दोन्ही एकाच दिशेने हलतात. खालच्या आडव्या पट्ट्या मात्र चिकटवायच्या नाहीत. प्रत्येक पट्टीचा मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंची पट्टीतली भोकं पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट. हे टाळलं की उन्हाळ्यात पाटाला चीर जाते आणि दोष लाकडाला दिला जातो.

५. पॉलिश. पॉलिश पेपर ८०, १२०, २२० या क्रमाने, रेषांच्या दिशेने. तोंडाला मास्क हवाच. जवसाचं तेल वापरलंत तर चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

६. भाव. लाकूड (वाया गेलेलं धरून), स्क्रू, पेपर, पॉलिश आणि तुमचे तास. तास लोक हटकून विसरतात, आणि मग मावशी-काकांच्या ऑर्डरी खिशातून भागवाव्या लागतात. निम्मे पैसे आगाऊ घ्या, नातेवाइकांकडूनही. गणपतीच्या ऑर्डरी भर पावसात येतात आणि दमट हवेत फ्रेंच पॉलिश (लाखेचं पॉलिश) पांढुरकं पडतं. तेव्हा पॉलिशचा हात कोरड्या दुपारी मारा आणि तारीख देताना आठवडाभर जास्तीचा मागून घ्या.