फायर एम्ब्लेममध्ये माणसं वाचवायची असतील तर

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते, तेव्हा ‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’ हा आळीपाळीने चाली करायचा लढाईचा व्हिडिओ गेम क्लासिक मोडवर खेळणाऱ्यांसाठी हे. या मोडमध्ये पडलेलं पात्र परत येत नाही, आणि बहुतेक पडतात ते घाईने पुढे गेल्यामुळे.

१. चाल करण्याआधी शत्रूच्या हल्ल्याची हद्द नकाशावर दिसू द्या.

२. जास्त डिफेन्सवाला, म्हणजे शस्त्रांचा मार सोसणारा, एकच गडी हद्दीच्या अगदी कडेच्या घरात ठेवा. जंगलाचं घर मिळालं तर फारच छान, तिथे शत्रूचे वार चुकतात. बाकी सगळे हद्दीबाहेर.

३. चाल संपवा. शत्रू त्याच्यावर तुटून पडला की पुढच्या चालीत सगळ्यांनी मिळून घेरा.

मात्र समोर जादूगार असेल तर चिलखतवाला पाठवू नका. जादूपुढे रेझिस्टन्सच, म्हणजे जादूचा मार सोसायचा गुणच, कामी येतो.