शिकेकाई, उटणं आणि लिंबाची फोड: या चुका टाळा

घरगुती उपायांनी चेहरा किंवा केस बिघडले की सुरुवात बहुधा एकाच वाक्याने झालेली असते, "घरचंच तर आहे, काय होतंय?" आणि मग जे भाजीत घालताना चिमटीने मोजतो, ते चेहऱ्यावर मूठभर थापतो.

लिंबापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त नुकसान त्यानेच होतं. निरोगी त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण 4.5 ते 5.5, तर लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास. अर्धी फोड गालावर घासली की होणाऱ्या चुरचुरीला "काम करतंय" असं समजू नका. ती जळजळच असते. त्यात लिंबाच्या सालीत आणि रसात काही द्रव्यं अशी असतात, की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर चट्टे उठतात, कधी फोडही येतात, आणि नंतर राहिलेला काळा डाग कित्येक आठवडे जात नाही. मे महिन्यात सरबताची लिंबं पिळून तशाच हातांनी उन्हात गेल्यावर मनगटावर ओघळाच्या आकाराचे डाग उठतात, ते यामुळेच. डाग घालवायला लिंबू लावावं आणि नवा डाग पदरात पडावा! लावलं असेलच, तर भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा आणि त्या दिवशी ऊन टाळा. लिंबात खाण्याचा सोडा मिसळून लावणाऱ्यांना एवढंच सांगते, फेस येतो तेव्हा दोघं एकमेकांना संपवत असतात आणि उरलेला सोडा त्वचा कोरडी करतो.

हाच उन्हाचा मुद्दा उटण्यालाही लागू होतो, पण तो कुणी सांगत नाही. काष्ठौषधींच्या दुकानात उटण्याचं किंवा शिकेकाईचं साहित्य घेताना आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, गव्हला यांच्याबरोबर कधी कधी बावचीही पुडीत बांधून मिळते. बावचीत सोरालेन असतं. पांढऱ्या कोडावरच्या उपचारात ते वापरतात ते याचसाठी, की त्याने त्वचा उन्हाला फार हळवी होते. नरकचतुर्दशीला पहाटे, अंगाला आधी तेल चोळून, वर उटणं लावून लगेच धुऊन टाकण्याने सहसा काही बिघडत नाही. पण तेच उटणं "उरलंय ना" म्हणून रोज सकाळी चेहऱ्याला लावून दुचाकीवरून कामाला जाणं वेगळं. रोज वापरायचं असेल तर दुकानदाराला बावची घालू नका म्हणून स्पष्ट सांगा.

उटणं लावल्यावर चेहरा लाल होऊन खाजत असेल तर आधी ते चिमटीत चोळून बघा. खरखरीत लागलं तर ते वस्त्रगाळ झालेलं नाही. संत्र्याच्या सालीचे आणि मसुराच्या डाळीचे कण चेहऱ्याला बारीक ओरखडे काढतात. सुती फडक्यातून चाळून घ्या, दुधात किंवा तेलात कालवा, घासू नका. मुलतानी माती तर पार वाळून तडकेपर्यंत ठेवूच नये, ओलसर असतानाच धुवावी. आणि दिवाळीचं उटणं होळीपर्यंत न्हाणीघरात ठेवलं की त्याला दमट वास येतो, जाळी धरते. असं उटणं झाडाच्या कुंडीतही टाकू नका, सरळ फेका.

आता केस. शिकेकाईने केस राठ होतात अशी तक्रार असते, पण नीट विचारलं तर बहुतेक वेळा दोष रिठ्याचा निघतो. शिकेकाईला शाम्पूसारखा फेस येत नाही, म्हणून लोक रिठे वाढवत जातात. रिठा फार कोरडं करतो आणि डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबतो. शिकेकाई जास्त, रिठा नावापुरता, आणि थोडी आवळकाठी एवढं पुरतं. दुसरी चूक पुडीची. पावडर थेट डोक्यावर थापली की तिचे कण केसांच्या मुळाशी अडकतात, दोन दिवस खाज येते आणि आपण तो कोंडा समजतो. त्यापेक्षा अख्ख्या शेंगा रात्री भिजत घाला, सकाळी उकळा, कोमट झाल्यावर कुस्करून फडक्याने गाळा. आणि शिकेकाईने तेल निघत नाही असं वाटत असेल, तर तेलच कमी लावा.

तेलाबद्दल एक चांगली गोष्ट आधी सांगते. खोबरेल तेल केसाच्या आत मुरतं आणि केसातल्या प्रथिनांची झीज कमी करतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. महागडी रोजमेरीची बाटली, व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल, परदेशी व्हिनेगर असं करत करत घरगुती उपाय शाम्पूपेक्षा महाग पडतो. त्यापेक्षा साधं खोबरेल पुष्कळ बरं. पण कोंडा असेल तर ते रात्रभर डोक्यात मुरवू नका. कोंड्याशी संबंधित बुरशी तेलकटपणावरच पोसते. अशा वेळी तेल फक्त केसांच्या लांबीला, न्हाण्याआधी तासभर. कोंडा हटत नसेल तर डॉक्टरांना विचारून औषधी शाम्पू आणावा, त्यात कमीपणा नाही. चेहऱ्यावर मुरुमं असतील तर तिथे खोबरेल नकोच, त्याने रंध्रं बुजतात.

जास्वंद, माका, कढीपत्ता घालून केलेलं तेल महिनाभरात खवट होतं किंवा तळाशी बुरशी येते, याचं कारण पाणी. पानं धुऊन लगेच तेलात टाकतात. ती सावलीत वाळवा, मंद आचेवर तेलातले बुडबुडे आणि चर्र आवाज थांबेपर्यंत ठेवा, वर झाकण ठेवू नका, कारण वाफेचं पाणी परत आत पडतं. गार झालं की गाळा आणि पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. शोभेसाठी पानं बाटलीत ठेवायची नाहीत. कोरफडीचा गर मात्र तेलासारखा टिकत नाही. लागेल तेवढाच काढा, आणि पान कापल्यावर गळणारा पिवळा चीक आधी निथळू द्या, खाज त्याचीच येते.

मेंदीचं थोडक्यात. खऱ्या मेंदीचा रंग केशरी-तपकिरी चढतो, काळा चढत नाही. "पंधरा मिनिटांत काळी" मेंदीत बहुधा पीपीडी हे रसायन असतं. टाळूला आग होऊन पापण्या सुजल्या तर लगेच धुवा, डॉक्टर गाठा, आणि पुढे कुठलाही केसांचा रंग घेताना ही अ‍ॅलर्जी सांगा, ती सहसा जन्मभर राहते.

कांद्याचा रस? त्याचा छोटासा अभ्यास झाला तो चाईवर, म्हणजे केस जाऊन डोक्यावर गोल चकत्या पडतात त्यावर. रोजच्या केसगळतीवर नव्हे. आणि अशी चकती दिसली तर कांदा किसण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. सनस्क्रीन मात्र घरी करायच्या फंदात पडू नका, ते दुकानातूनच आणा.