चष्मा हाती नसताना चष्म्याचे ॲप: या चुका टाळा

कॅमेरा आणि माइक असलेला, फोनला जोडून वापरायचा रे-बॅन मेटा चष्मा मे 2025 मध्ये 29,900 रुपयांपासून भारतात विकायला आला. इंदूरमध्ये माझ्याकडे ॲप लिहायला शिकणाऱ्या बहुतेक मुलांना ही रक्कम झेपत नाही, आणि सुरुवातीला ती खर्च करण्याची गरजही नसते. या चष्म्यासाठी ॲप लिहिण्याच्या मेटाच्या साधनसंचात, म्हणजे वेअरेबल्स डिव्हाइस ॲक्सेस टूलकिटमध्ये, मॉक डिव्हाइस किट आहे, ज्यात खोटा चष्मा जोडता येतो, त्याच्या काड्या मिटता-उघडता येतात आणि कॅमेऱ्याच्या जागी आपला व्हिडिओ देता येतो. गूगलच्या अँड्रॉइड एक्सआर या चष्म्यांच्या प्रणालीसाठी अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एम्युलेटर, म्हणजे संगणकावरचे नकली उपकरण, आहे. इतके असूनही त्याच त्या चुका दर बॅचमध्ये पाहून मी कंटाळलो आहे.

सर्वांत महाग चूक म्हणजे मॉकला स्वच्छ, स्थिर, चकचकीत व्हिडिओ देणे. ती मीही केली आहे. रामबागेत राहणाऱ्या माझ्या मामांची दृष्टी अधू झाली आहे, म्हणून दुकानांच्या पाट्या वाचून दाखवणारे ॲप मी लिहिले. चाचणीसाठी सकाळच्या उन्हात छप्पन दुकानसमोर तिपाईवर फोन लावून आडवे चित्रीकरण केले, ते मॉकमध्ये घातले आणि एकही पाटी चुकली नाही. संक्रांतीला पुण्याहून मावसभाऊ आपला चष्मा घेऊन दोन दिवसांसाठी आला, तेव्हा तो मामांच्या डोळ्यांवर चढवून आम्ही शीतलामाता बाजारात गेलो. थोड्या वेळाने मी विचारले, "मामा, काय म्हणतोय तो?" मामा म्हणाले, "अरे, 'पाटी दिसत नाही, जवळ जा' एवढंच म्हणतोय. आता काय दुकानात शिरू?"

चष्म्याचा व्हिडिओ फोनपर्यंत ब्लूटूथच्या अरुंद वाटेने येतो, तो उभा असतो, दाबून लहान केलेला असतो आणि घालणाऱ्याच्या मानेबरोबर हलतो. वाट आणखी अरुंद झाली की आधी रिझोल्यूशन उतरते आणि मग दर सेकंदाच्या फ्रेम कमी होतात. मी मोठ्या हौसेने 720 बाय 1280 आणि सेकंदाला 30 फ्रेम मागितल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक फ्रेम इतकी दाबली जात होती की अक्षरांच्या कडा विरघळत होत्या. त्याच रात्री 504 बाय 896 आणि 15 फ्रेम मागितल्या, तेव्हा पाट्या वाचता येऊ लागल्या, कारण मोजक्या फ्रेमना प्रत्येकी जास्त जागा मिळाली. आता मी फोन टोपीला रबराने कानशिलाजवळ बांधतो, राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत नेहमीच्या चालीने चालतो, लोकांच्या नजरा सोसतो आणि ते चित्रीकरण एफएफएमपेग या व्हिडिओ बदलण्याच्या सॉफ्टवेअरने मुद्दाम खराब करून मगच मॉकला देतो. यूट्यूबवरचा तयार व्हिडिओ चालेल का, असे प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतेच. चालत नाही.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे. मॉकमध्ये 'चालू', 'उघडा', 'घाला' ही बटणे एकदा दाबायची आणि मग त्यांच्याकडे ढुंकूनही पाहायचे नाही. खरा माणूस घाम पुसायला चष्मा काढतो, काड्या मिटून खिशात टाकतो आणि पुन्हा घालतो. काड्या मिटल्या की ब्लूटूथ तुटते आणि सत्र, म्हणजे ॲप आणि चष्मा यांच्यातले चालू काम, थांबते. उघडल्यावर ब्लूटूथ पुन्हा जुळते, पण थांबलेले सत्र आपोआप सुरू होत नाही, ते ॲपलाच सुरू करावे लागते. सत्र नुसते स्थगित असेल तर मात्र पुन्हा सुरू करण्याची घाई न करता पुढच्या स्थितीची वाट पाहावी. माझी पद्धत शास्त्रीय नाही: ॲप बोलत असताना मी फोन माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या हाती देतो आणि ती मनाला येतील ती बटणे दाबते. तिने पाच मिनिटांत शोधलेला दोष शोधायला मला आठवडा लागला असता.

आवाजाची चाचणी लॅपटॉपच्या माइकवर करू नये. चष्म्याचा माइक ब्लूटूथच्या हँड्स-फ्री प्रोफाइलमधून, म्हणजे फोनवर बोलण्यासाठीच्या पद्धतीतून, 8 किलोहर्ट्झ मोनो आवाज देतो, म्हणजे जुन्या टेलिफोनइतकाच. जेल रोडच्या बाजारातला साधा ब्लूटूथ इअरफोनही फोनवर बोलताना याच प्रोफाइलवर चालतो, तेव्हा तो कानात घालून रात्री दहा वाजता सराफ्यात उभे राहावे आणि भुट्ट्याच्या किसाच्या कढईशेजारून ॲपला प्रश्न विचारावा.

काही चष्म्यांच्या काचेत पडदाही असतो. अशा पारदर्शक पडद्यावर काळा रंग म्हणजे काहीच नाही, कारण असा पडदा फक्त प्रकाश मिसळतो. तेव्हा काळी अक्षरे लिहू नयेत. मेटाच्या रे-बॅन डिस्प्ले या पडदा असलेल्या चष्म्याचा पडदा 600 बाय 600 पिक्सेलचा असून नजरेसमोरचा त्याचा आवाका 20 अंशांचा आहे, त्यामुळे फोनवरची माहितीची चौकट तशीच्या तशी त्यात कोंबू नये.

शेवटची चूक उसना चष्मा हाती येतो त्या दिवशी होते. मेटा एआय ॲपमध्ये आवृत्तीच्या आकड्यावर पाच वेळा टिचकी मारून डेव्हलपर मोड, म्हणजे आपण लिहिलेले ॲप चष्म्यावर तपासू देणारी सोय, सुरू करावा लागतो, चष्म्याची प्रणाली अद्ययावत करावी लागते, आणि हे चष्म्याच्या मालकाला आधी फोन करून उरकून घेता येते. मी तसे केले नव्हते. संक्रांतीची अख्खी संध्याकाळ अद्ययावत होण्याची टक्केवारी पाहण्यात गेली, गच्चीवर सगळे पतंग उडवत होते आणि दुसऱ्या रात्री मावसभावाची पुण्याची गाडी होती.