जागृती करायचीय? मोजपट्टी घेऊन या

गेली सोळा वर्षं मी व्हीलचेअर वापरते. ३ डिसेंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय अपंग दिन जवळ आला की भाषणाची आमंत्रणं येतात. मी एकच अट घालते: भाषण नको, तासभर तुमच्या इमारतीत फिरू आणि अपंगांना कुठे कुठे अडतं ते पाहू. हे फिरणं तुम्हालाही जमेल.

सोबत चार-पाच जण पुरेत. त्यात खर्च मंजूर करणारा माणूस हवाच. शिवाय एक व्हीलचेअर वापरणारी, एक पांढरी काठी घेऊन चालणारी आणि एक कर्णबधिर व्यक्ती, तिच्यासाठी दुभाषाही. डोळ्यांवर पट्टी बांधून 'अनुभव' देण्याचा प्रकार मात्र कृपा करून करू नका. माणसं दहा मिनिटांत घाबरतात आणि 'बिचारे' म्हणत घरी जातात. काठीनं चालणं हे वर्षानुवर्षं कमावलेलं कसब आहे, ते पट्टी बांधून कळत नाही.

फाटकापासून सुरुवात करा. रॅम्प दिसला की मोजा. दर १ सेंमी उंचीला किमान १२ सेंमी लांबी लागते. एका कार्यालयात रॅम्पचं उद्घाटन माझ्याच हस्ते होतं. उंची ४५ सेंमी, लांबी जेमतेम २ मीटर. हवी होती ५ मीटर ४० सेंमी. फीत कापून मी चाकं ढकलली. अर्ध्यावर पुढची छोटी चाकं उचलली गेली आणि खुर्ची मागे कलली. मागच्या दोघांनी धरली म्हणून वाचले. तेव्हापासून मोजपट्टी माझ्या पिशवीत असते.

दाराची मोकळी रुंदी ८० सेंमीपेक्षा कमी नको, ९० असली तर उत्तम. उंबरठाही बघा, दोन बोटांचा उंबरठा मला भिंतीसारखा अडवतो.

स्वच्छतागृहात खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. पण आधी दार उघडून आत काय ठेवलंय ते पाहा. बादल्या, झाडू, मोडक्या खुर्च्या? त्याच क्षणी बाहेर काढा, याला मंजुरी लागत नाही. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे, तेही विचारा. ती किल्ली वेळेवर मिळणार नाही म्हणून मी कित्येक दिवस पाणी न पिता काढलेत.

दृष्टिहीनांना वाट कळावी म्हणून पदपथावर बसवलेल्या उठावदार फरशा जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये शोधल्या. लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे सावध व्हा. त्यांवर कुंडी किंवा दुचाकी उभी असेल तर काठीवाल्या सोबत्याची वाटच तुटते.

कर्णबधिर सोबत्याला विचारा: आगीचा भोंगा वाजला तर तुला कसं कळेल? लुकलुकणारा दिवा नसेल तर वहीत पहिली नोंद तीच करा.

प्रत्येक नोंदीपुढे काम करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून घ्या, आणि निघण्याआधीच पुढच्या फेरीचा दिवस ठरवा. मी त्या दिवशी तीच मोजपट्टी घेऊन येते.